शाळेसाठी घरपट्टी वाढवायची का?

आपल्याकडे घरपट्टी वाढली की लोक ग्रामसेवकाला धरतात. इथे शाळेला धरतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ज्या छोट्या गावात आम्ही राहतो, तिथे गावाच्या बजेटचा निम्म्याहून मोठा हिस्सा शाळांवर जातो आणि तो मुख्यतः घरपट्टीतून येतो. त्यामुळे शाळेत एक शिक्षक कमी झाला काय, वाढला काय, ज्यांच्या घरात शाळकरी पोर नाही त्यांनाही त्याची खबर असते.

यंदा मार्चपासून गावात याच विषयावर धुमाकूळ चालला होता. घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लागल्या. एका घरापुढे ‘शाळांसाठी हो म्हणा’, तर त्याच्या शेजारी ‘आता कर पुरे’. दोन्ही घरांतली माणसं हिवाळ्यात एकमेकांचा बर्फ काढून देणारी, पण दोन महिने नुसता हात हलवण्यापुरती ओळख उरली.

भांडणाचं मूळ १९८० सालच्या एका कायद्यात आहे. त्याला ‘प्रपोझिशन टू अँड अ हाफ’ म्हणतात. राज्यातल्या लोकांनीच मतदान करून तो आणला. नव्या बांधकामांचा कर सोडला, तर गावाला घरपट्टीची एकूण आकारणी वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. जास्त हवी असेल तर गावाचं मतदान घ्यायचं. त्याला ओव्हरराइड म्हणतात, आणि यंदाचं भांडण त्याचंच. एकदा मंजूर झाला की तो वाढीव कर कायमचा बसतो, म्हणून लोक बिचकतात.

आता खर्च काही कायदा बघून वाढत नाही. शिक्षकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता आणि स्कूल बसचं कंत्राट अडीच टक्क्यांच्या कितीतरी पुढे पळतात. विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण हा तर कायद्याने बांधलेला खर्च. १९७५ साली केंद्राने तो कायदा केला तेव्हा वाढीव खर्चाचा चाळीस टक्के भार उचलायची भाषा होती. तेवढा तो कधीच उचलला नाही. एखाद्या मुलाला गावाबाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागलं, तर त्या एका मुलाचा खर्च एका शिक्षकाच्या पगाराहून जास्त होऊ शकतो. आणि हे उघड बोलायची पंचाईत, कारण ते मूल कोणाचं हे छोट्या गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यात कोविडचा पैसा संपला. केंद्राने देशभरातल्या शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले होते. शेवटच्या हप्त्याचे पैसे कुठे लावायचे ते ठरवायची मुदत सप्टेंबर २०२४ला संपली. त्या पैशातून नेमलेले समुपदेशक आणि वाचनाचे शिक्षक आता कोणाच्या पगारावर ठेवायचे, हा सवाल गावोगाव आहे.

बजेट ठरतं ते टाउन मीटिंगमध्ये. ही म्हणजे ग्रामसभाच, फक्त कोरम खरा असतो. हायस्कूलच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. दारात मतदार यादीत नाव शोधून हातात एक रंगीत कार्ड देतात. मत म्हणजे ते कार्ड वर करणं. आमच्यासारख्या नागरिकत्व नसलेल्यांना बाजूला, दोरी लावलेल्या भागात बसवतात. कर भरायचा, ऐकायचं, कार्ड मात्र नाही. ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ म्हणत जिथे चहा समुद्रात फेकला, ते बोस्टन इथून तासाभरावर आहे, हा विनोद दोरीपलीकडच्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांना सांगून झाला.

दारातच फायनान्स कमिटीचं जाडजूड पुस्तक मिळतं. शाळा गरम ठेवायचं तेल, छपाईचा कागद, वाद्यांची दुरुस्ती, सगळं ओळीनं छापलेलं. मागच्या वर्षी किती मागितले, किती खर्च झाले, यंदा किती हवेत. एक बाई विणकाम करता करता उठल्या आणि म्हणाल्या, पान अमुक, कागदाचा खर्च वाढलाय, मग मुलांना दिलेले ते सगळे टॅब कशाला? शाळांच्या सुपरिंटेंडेंटला, म्हणजे आपल्या शिक्षणाधिकाऱ्याच्या तोलाच्या माणसाला, माइकवर येऊन कागदाचा हिशोब द्यावा लागला. मला त्या रात्रीतलं हेच सगळ्यात आवडलं. नंतर एक पंचाहत्तरीतले गृहस्थ बोलले. माझी पोरं इथे शिकली तेव्हा माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी कर भरला, म्हणून मी हो म्हणणार. माझी बायको नाही म्हणणार आहे, कारण पेन्शन तेवढीच आहे, आणि तिचंही खरं आहे. लोक हसले, पण टाळ्या दोघांसाठी होत्या.

गंमत पुढे आहे. बँडच्या मुलांचे आईबाप एकामागून एक उठून संगीत वाचवा म्हणाले. माझी मुलगी क्लॅरिनेट वाजवते, तेव्हा मीही मान डोलावली. पण राज्याच्या कायद्यानुसार टाउन मीटिंग शाळेची फक्त एकूण रक्कम ठरवू शकते. त्यातून संगीत ठेवायचं की गणित, हे स्कूल कमिटी ठरवते. ही पाच निवडून आलेली माणसं, बिनपगारी. एक आमच्या दातांची डॉक्टर आहे. सुपरिंटेंडेंट नेमणं, धोरण आणि बजेट, एवढंच त्यांचं काम. शिक्षकांच्या नेमणुकीत त्यांनी हात घालायचा नाही, हे १९९३च्या कायद्याने पक्कं केलं. बैठकीची सूचना निदान ४८ तास आधी लावायची, आणि कमिटीतल्या बहुमताने आपसात ईमेलवरसुद्धा विषय चघळायचा नाही. जे बोलायचं ते लोकांसमोर.

हे सगळं मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी फोनवर सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊ, तुमना तठे बी शाळाले पैसा पुरत नही का?”

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची, नानांची बायको, गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत. त्यांचा धाकटा चौथीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात (२००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू) ही समिती आहे. पाऊण सदस्य पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदानावर लक्ष ठेवायचं. कागदावर बघाल तर आमच्या इथल्या कमिटीपेक्षा ही जास्त लोकांची आहे. प्रत्यक्षात वहिनींकडे बैठकीच्या प्रोसिडिंगची वही घरी येते. चुलीजवळ सही होते.

यात मुख्याध्यापकांना दोष देऊन काही निघणार नाही. समितीच्या हातात पैसा किती? समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार. त्यातला निदान दहा टक्के स्वच्छतेवर लावायचा. उरलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, प्रिंटरची शाई. तेही येतं मार्च एंडच्या तोंडावर, आणि वेळेत खर्च दाखवला नाही तर परत जातं. तोवर सर खिशातून घालतात आणि दुकानदाराला थांबवतात. शिक्षकांचे पगार राज्याकडून, इमारत जिल्हा परिषदेकडून, बदल्या ऑनलाइन. मग महिन्याच्या बैठकीत पालकांनी बोलायचं तरी कशावर? कंपाउंडवर आणि पोषण आहाराच्या खिचडीवर. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ला संपून प्रशासक आले, तेव्हा तक्रार घेऊन जायला हक्काचा सदस्यही उरला नाही.

शाळेसाठी कर आपल्याकडे नाही असं मात्र नाही. मामांच्या अमळनेरच्या घरपट्टीच्या बिलावर ‘शिक्षण कर’ अशी ओळ असते. १९६२च्या कायद्याने आलेला हा कर नगरपालिका गोळा करते आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. मामांना विचारलं तर ते म्हणाले, चाळीस वर्षं भरतोय, कुठे जातो ते तूच पहिल्यांदा विचारलंस. आणि खानदेशात लोक शाळेला पैसे देत नाहीत असं कोणी म्हणू नये. साने गुरुजी १९२४ ते १९३० ज्या शाळेत शिकवत होते, तिला नाव आहे ते गिरणीमालक प्रताप शेठजींचं. अलीकडे धुळे जिल्ह्यात लोकवर्गणी जमवून जिल्हा परिषद शाळांमध्ये प्रोजेक्टर आणि पडदे लागले. वर्गणी आपण हात सैल सोडून देतो. मात्र वर्गणीला पुढच्या वर्षीचं पान नसतं. प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो कोणी बदलायचा, हे कुठल्याच प्रोसिडिंगमध्ये सापडत नाही.

इथली पद्धत उचलून गावी न्यावी असंही मला वाटत नाही. गावाच्या पैशावर शाळा म्हणजे महागड्या घरांच्या गावाला चांगली शाळा. राज्य अनुदान देऊन दरी बुजवायचा प्रयत्न करतं, तरी घर घेताना सगळे आधी शाळा बघतात आणि मग किंमत बघून दुसऱ्या गावाला जातात. आम्हीही तेच केलं. आपल्याकडे सातपुड्यातल्या तोरणमाळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची वेतनश्रेणी जळगावजवळच्या शिक्षकाहून कमी नसते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती फुकटात धरतो. पण ज्याचा पैसा त्याचा निर्णय, हेही तिथेच दिसतं. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव राज्याने मागवले. त्यात नमुना म्हणून तोरणमाळचंच नाव होतं. सातपुड्यातला विचार सातपुड्यापुरता ठीक असेल, मैदानातल्या गावांचं काय, हे त्या त्या गावच्या समितीला आधी विचारायला हवं होतं. आमच्या गावचा पट अजून वीसच्या वर आहे, पण सकाळी इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन भरून जाते ती नानांच्याच दारावरून.

आमच्याकडचा ओव्हरराइड थोडक्या मतांनी पडला. चौथीच्या तीन तुकड्यांच्या दोन झाल्या, ग्रंथपाल अर्ध्या वेळेवर आली, खेळाची फी वाढली. नोकरीची तीन वर्षं पूर्ण न झालेल्या शिक्षकांना जूनच्या आत कामावरून कमी केल्याची पत्रं गेली. त्यात माझ्या मुलीची विज्ञानाची बाई होती. बँड वाचला. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान लावायचं, अशी चर्चा आताच सुरू आहे.

वहिनींना यातलं एकच पटलं, ते छापील पुस्तक. पंचवीस हजारांचा हिशोब एका कागदावर मावतो, तो पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा असं त्यांनी सरांशी ठरवलंय. सर राजी आहेत, म्हणाले, माझ्या खिशातले किती गेले तेही एकदाचं कळू द्या लोकांना. मी सहज विचारलं, गावात शाळेसाठी घरपट्टी थोडी वाढवायची म्हटलं तर?

मागून नाना ओरडले, “अरे, आधी मागची थकबाकी निघेल ना! अन्‌ थकबाकीदारांत ग्रामपंचायतीची अर्धी बॉडी निघेल.”

“मग ती यादी पण वाचू का ग्रामसभेत?” वहिनींनी विचारलं.

नाना म्हणाले, “आधी इलेक्शन होऊ दे.”