लेन्सची पाठ आणि कॅमेऱ्याचा मेनू

भिगवणला फ्लेमिंगो यायला लागले की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, पाचशे मिलिमीटरची लेन्स घेऊ की सहाशेची?" मी राहते बारामतीत, उजनीचं पाणी जवळ, बँकेला सुट्टी असली की कुंभारगावच्या होडीत असते. त्यामुळे हिला लेन्समधलं सगळं कळतं असा लोकांचा समज झालाय. सगळं काही कळत नाही. पण एक मत पक्कं आहे: किती मिलिमीटर, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी लेन्स उलटी करून तिची पाठ, म्हणजे कॅमेऱ्याला बसणारी बाजू बघायची. आणि त्याच्याही आधी, आहे त्या कॅमेऱ्याचा मेनू आपल्या हाताला बसेल असा लावून घ्यायचा.

मेनूपासून सुरू करते, त्याला पैसे पडत नाहीत.

माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे, २०१५ सालचा. मेनूत इतक्या ओळी की हलत्या होडीत त्यातली हवी ती शोधणं म्हणजे लग्नघराच्या माळ्यावरून नेमकं एक पातेलं काढणं. त्यासाठी 'माय मेनू' नावाचं पान दिलेलं असतं. त्यात वीसपर्यंत ओळी ठेवता येतात, पण वीस ठेवल्या तर पुन्हा माळाच. मी मोजक्या ठेवल्यात: आयएसओची (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, त्याची) ओळ, कार्ड फॉरमॅट, बॅटरीची माहिती, फोकस बारीक जुळवायचं एएफ फाइन-ट्यून आणि जुन्या लेन्ससाठी नॉन-सीपीयू लेन्स डेटा. आयएसओ सगळ्यात वर. कारण पुढच्या बाजूचं एफएन बटण दाबलं की माय मेनूतली पहिली ओळ थेट उघडेल अशी सोय करता येते. बोट बटणावर, एक नजर मागच्या पडद्यावर, आणि ऑटो आयएसओची मर्यादा ३२०० वरून ६४०० करून मी पुन्हा पक्ष्यावर.

जाता जाता: या कॅमेऱ्याच्या मेनूची भाषा मराठीही करता येते. आमच्या सासऱ्यांनी ती एकदा करून ठेवली. त्यांना सगळं पटापट सापडायला लागलं आणि मला माझ्याच कॅमेऱ्यात काही सापडेना. इंग्रजीत शिकलेलं डोक्यात जागेवर बसलेलं असतं, त्याला काय करणार!

खरा फरक पडला तो अंगठ्याच्या बटणानं. नेहमीच्या मांडणीत शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस सुरू होतो. आता कवड्या खंड्या घ्या. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली बघतो, आणि सुळकन डुबकी. मध्ये वेताची एक काडी आली की शटरवरचं बोट काडीवर फोकस करून मोकळं होतं. कस्टम सेटिंगच्या एफ विभागात जाऊन एई-एल/एएफ-एल बटणाला 'एएफ-ऑन'चं काम दिलं की फोकस फक्त अंगठ्याकडे येतो, शटरकडे फोटो काढण्यापुरतं काम उरतं. काडी आडवी आली की अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच थांबतो. काडी गेली की पुन्हा दाबायचा. पहिले काही दिवस अंगठा विसरतो आणि चिडचिड होते. नंतर मात्र दुसऱ्याचा कॅमेरा हातात घेतला की चुकल्यासारखं वाटतं.

आपली मांडणी साठवायला डायलवर यू१ आणि यू२ अशा दोन जागा असतात. हे सगळं मी यू१ मध्ये साठवलंय: मॅन्युअल मोड, १/१६०० सेकंदाचा शटर, एएफ-सी (म्हणजे सतत फोकस), ऑटो आयएसओ, अंगठ्याचा फोकस. यू२ मध्ये सगळं साधं, शटर अर्धं दाबून होणारा फोकस. घरच्या कार्यक्रमात कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर आधी यू२. नाहीतर सत्यनारायणाचे सगळे फोटो धूसर येतात आणि बोल मला लागतात. होडीत मी यू१ मध्ये कितीही ढवळाढवळ केली तरी डायल फिरवून परत आणली की साठवलेलंच समोर येतं, हे मला फार आवडतं.

आता लेन्स.

भाच्याकडे निकॉनचाच डी५६०० आहे. त्याला कुणाकडून तरी ५० मिलिमीटर एफ/१.८ एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली. विकणारा म्हणाला, "निकॉनची आहे, निकॉनला बसणारच." बसली की! फोकस मात्र होईना. मला म्हणाला, "मावशी, बिघडलेली गळ्यात मारली गं त्यानं." मी म्हटलं, घेऊन ये, बघू.

लेन्स काढून पालथी धरली. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडाच्या, धातूच्या कड्यावर एक बारीक खाच दिसते, स्क्रूच्या डोक्याला असते तशी. या लेन्सच्या पोटात मोटर नाही. कॅमेऱ्यातली मोटर एक छोटा दांडा त्या खाचेत घालते आणि फिरवते, म्हणून तो घर्र आवाज. माझ्या डी७२०० मध्ये ती मोटर आहे, लावल्याबरोबर फोकस झाला. डी३००० आणि डी५००० च्या घराण्यातल्या कॅमेऱ्यांत ती नाहीच, त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी अशी स्वतःची मोटर असलेली लेन्स लागते. लेन्स ठणठणीत होती, जोडी चुकली होती.

मग त्यानं ती परत आपल्या कॅमेऱ्याला लावली तर पडद्यावर 'एफ-ई-ई' लुकलुकायला लागलं. त्याला वाटलं, आता कॅमेराही गेला. या लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाचा आकार ठरवायची कडी असते. ती केशरी २२ च्या आकड्यावर नेऊन अडकवून टाकायची, मग ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येतं. फिरवली, लुकलुकणं थांबलं. आता तो फोकस हातानं करतो आणि व्ह्यूफाइंडरमधला ठिपका स्थिर झाला की फोटो काढतो. आजीचे त्यानं काढलेले फोटो बघा, तक्रारीला जागा नाही. मात्र पळत्या मांजराला ती लेन्स उपयोगाची नाही.

हा अक्षरांचा गुंता का झाला, तर निकॉननं १९५९ सालचा एफ माउंट सोडला नाही. कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणताना जुनं माउंट सरळ टाकून दिलं आणि मोटर प्रत्येक लेन्समध्येच घातली. तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांच्या पोटावर पाय आला, पण पुढच्यांची डोकेदुखी गेली. निकॉनकडे जुनी लेन्स नव्यावर बसते, आणि बसते म्हणजे चालते असं नाही. १९७७ च्या आधीची, जुन्या धाटणीच्या कडीची नॉन-एआय लेन्स, तिची कडी बदलून घेतलेली नसेल तर, माझ्या कॅमेऱ्यासारख्या कॅमेऱ्यावर जोर करून बसवूच नये. माउंटच्या कडेचा नाजूक खटका मोडतो.

उलटंही होतं. पक्ष्यांसाठी मी वापरते ती २००-५०० एफ/५.६ ई. सव्वादोन किलोच्या वर वजन, होडीच्या काठावर राजम्याची पिशवी ठेवून तिच्यावर टेकवते. नावातल्या त्या 'ई'चा अर्थ ॲपर्चर विजेवर चालतं, जुन्या लेन्ससारखा आत खटका नाही. मैत्रिणीकडे निकॉनचा जुना डी९० आहे आणि तिला हीच लेन्स हवी होती. डी९० ला त्या विजेच्या ॲपर्चरशी बोलताच येत नाही. तिला म्हटलं, आधी बॉडी (म्हणजे कॅमेरा) बदल, नाहीतर हा विचार सोड.

सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांची १५०-६०० घेणाऱ्यांना एवढंच सांगते: ज्या लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे आतली आज्ञावली, संगणकाला जोडायच्या यूएसबी डॉकवरून घरी बदलता येतं तीच घ्या. आणि दुकानात, मग ते मुंबईच्या बोरा बाजारातलं असो की गावातलं, लेन्स लावून बघायला स्वतःची बॉडी बरोबर न्या.

मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचं विचाराल तर निकॉनच्या झेड कॅमेऱ्यावर, एफ माउंटच्या लेन्स बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून माझी २००-५०० नीट चालते. पण त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही, म्हणजे एएफ-डी लेन्स तिथेही हातानंच फिरवायच्या. माझ्याकडे तशा दोन आहेत आणि मला त्या विकायच्या नाहीत, म्हणून मी तूर्त आहे तिथेच बरी आहे. पट्टकादंब हे पाहुणे हंस यायची वेळ झाली. यू१ मधला शटर १/२००० करून पुन्हा साठवायचा राहिलाय, तेवढं आज रात्री करते.