मेमरीतलं एक्सएमएल बाहेर पाठवताना मधे स्ट्रिंग नको

डॉम ट्री (एक्सएमएलचा झाडासारखा आराखडा) मेमरीत असतो तोवर एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये कशी लिहायची याची, कटकट नसते. घोळ होतो तो ट्री सीरियलाइझ करून (बाइट्सच्या रूपात उतरवून) दुसऱ्या ॲप्लिकेशनकडे धाडताना, आणि बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट सापडते: वाटेत कुणीतरी त्याची स्ट्रिंग (नुसत्या अक्षरांची माळ) केलेली असते.

डॉटनेटमध्ये एक्सएमएलरायटरला स्ट्रिंगरायटर जोडला, की सेटिंग्जमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असूनही डिक्लरेशनमध्ये (एन्कोडिंग सांगणाऱ्या पहिल्या ओळीत) यूटीएफ-१६ उमटतं, कारण स्ट्रिंगरायटर आपलं एन्कोडिंग तेच सांगतो. पुढे ही स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणून फाइलमध्ये उतरवली, की डिक्लरेशन एक म्हणतं आणि बाइट्स दुसरंच. पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) पहिल्याच ओळीवर अडतो. रायटर थेट मेमरीस्ट्रीमवर लावा आणि मिळालेले बाइट्स हात न लावता पाठवा. यूटीएफ८एन्कोडिंगच्या कन्स्ट्रक्टरला मात्र फॉल्स द्या. नाहीतर सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंग ओळखायच्या खुणेचे, तीन बाइट (२३९, १८७, १९१) लागतात. नियमाने ते चालतात, पण समोरचा जावा प्रोग्रॅम आधी सगळं स्ट्रिंगमध्ये वाचून मग पार्स करत असेल, तर ‘कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग’ ही एरर ठरलेली.

जावात स्ट्रीमरिझल्टला आउटपुटस्ट्रीम द्या, रायटर नको. रायटर दिला तर ट्रान्सफॉर्मर (ट्री लिहून काढणारा क्लास) डिक्लरेशनमध्ये खुशाल यूटीएफ-८ लिहितो, पण खरे बाइट्स रायटर ठरवतो. जेडीके १८ च्या आधी साधा फाइलरायटर मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग घ्यायचा. इंग्रजी विंडोजवर ते सहसा विंडोज-१२५२. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि मूळ मजकूर कायमचा जातो. डेव्हलपरच्या लिनक्सवर हे दिसत नाही, ग्राहकाच्या सर्व्हरवर दिसतं.

पायथनच्या एलिमेंटट्रीचं टूस्ट्रिंग वेगळं वागतं. एन्कोडिंग न सांगितल्यास ते एएससीआयआय धरतं आणि ‘म’ च्या जागी &#2350; लिहितं. ही चूक नव्हे, कुठलाही पार्सर ते बरोबर वाचतो. पण ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) आहेत: यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट, अशा आकड्यांच्या रूपात लिहिलं तर ७०. शिवाय लॉगमध्ये मराठी नाव शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही. एन्कोडिंग स्पष्टपणे यूटीएफ-८ द्या, बाइट्स हातात येतात. डिक्लरेशन आलं नाही तरी बिघडत नाही: ते नसेल, बीओएमही नसेल आणि बाहेरून दुसरं एन्कोडिंग सांगितलेलं नसेल, तर पार्सरने यूटीएफ-८ धरायचं असतं.

एन्कोडिंग नीट असूनही फाइल नाकारली जाते, तेव्हा कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारी नियंत्रण-चिन्हं) शोधा. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या क्रमांकांची फक्त ९, १० आणि १३ चालतात; बाकीची &# च्या रूपातही चालत नाहीत. वर्डमध्ये शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ मजकूर बाहेर काढताना ११ क्रमांकाच्या कॅरेक्टरने येऊ शकते, आणि ते डेटाबेसमार्गे ट्रीमध्ये शिरतं. डॉटनेटचा रायटर डीफॉल्टने तिथेच एक्सेप्शन टाकतो. एलिमेंटट्री मुकाट्याने लिहून देतं आणि बोंब पलीकडच्या टीमकडून येते. ट्री भरतानाच गाळणी लावा.

इंडेंटेशन (ओळी आत सरकवून केलेली मांडणी) फक्त माणसाने वाचायच्या प्रतीला. इंडेंट केलेली फाइल पुन्हा लोड करून पुन्हा इंडेंट केली, तर जावा ९ पासून रिकाम्या ओळी वाढत जातात, कारण आधीची मोकळी जागा टेक्स्ट नोड म्हणून ट्रीमध्ये बसलेली असते. सही केलेल्या दस्तऐवजात तर हे अजिबात नको. कॅनॉनिकलायझेशन (सहीसाठी एक्सएमएल एका ठरावीक रूपात आणणं) ॲट्रिब्यूटचा क्रम आणि अवतरणचिन्हं सारखी करतं, पण टॅगांमधली मोकळी जागा जशीच्या तशी ठेवतं. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल डिजिटल सहीची असते. ती ‘नीट दिसावी’ म्हणून इंडेंट करून साठवली, तर पुढे सही पडताळताना ती अवैध ठरते. अशा फाइलचे मूळ बाइट्सच जपून ठेवा.