जुन्या कॅम्परसाठी ऑल-टेरेन टायर निवडताना

आमची कॅम्पर म्हणजे मुळात प्रवासी वाहतुकीत राबलेली जुनी ट्रॅव्हलर. आसने काढून तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि जादा बॅटरी बसवली आणि त्या बदलांची आरटीओकडे रीतसर नोंदही करून घेतली. यंदा स्टेपनीसह सगळे टायर बदलायचे ठरले, तेव्हा मित्रमंडळींत एकच सूर निघाला की आता ऑल-टेरेनच, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर टाकावेत. सल्ला वावगा नव्हता. मात्र टायरच्या रांगड्या नक्षीकडे पाहण्याआधी गाडीचे वजन पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कांदा-द्राक्षांच्या आपल्या नाशिक जिल्ह्यात वजनकाटा शोधत हिंडावे लागत नाही. टाकीत पाणी, डिझेल आणि नेहमीची सगळी माणसे घेऊन गाडी पिंपळगावच्या वाटेवरील एका काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके, असे तिन्ही आकडे घेतले. काटेवाल्याला रिकाम्या गाडीचे इतके कौतुक कशाला, हे काही समजेना. मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांवर मिळून १७४० किलो भरले. मागे एकेरी चाके असल्यामुळे प्रत्येक टायरवर साधारण ८७० किलो येतात, आणि ओटा व टाकी एकाच बाजूला असल्याने त्या बाजूच्या टायरवर त्याहूनही थोडे अधिक.

आमच्या टायरचे माप २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. हेच माप बोलेरोलाही लागत असल्याने त्यात ऑल-टेरेन सहज मिळतात, आणि खरी गफलत इथेच होते. मापापुढे छापलेला भारांक १०० असेल तर तो टायर ८०० किलोच पेलतो. १०४ असेल तर ९०० आणि १०६ असेल तर ९५०. माप तंतोतंत जुळूनही भारांक १०० चा टायर आमच्या मागच्या चाकांना अपुरा ठरतो. मापाआधी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा वर्ग) अक्षरे दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण त्या वर्गातही याच मापात कमी-अधिक क्षमतेचे टायर येतात. १०६/१०३ असे दोन आकडे असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी असतो.

आता नक्षीकडे वळू. आमचा बहुतेक प्रवास डांबरावरचाच, म्हणजे कसारा घाट, त्र्यंबक, घोटी, फार तर भंडारदरा. कच्चा रस्ता लागतो तो धरणाच्या काठाशी पोहोचतानाच्या शेवटच्या टप्प्यात. तिथली काळ्या पाषाणाची धारदार खडी टायरच्या बाजूला चिरा पाडते, आणि त्यासाठी जाड, जादा पदराच्या भिंतीचा ऑल-टेरेन खरोखरच उपयोगी पडतो. पावसाळ्यातल्या काळ्या मातीचे मात्र वेगळे आहे. ती खाचांत अशी लिंपून बसते की थोड्याच वेळात महागडा टायरही गुळगुळीत होतो, आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी जड गाडी जागीच रुतते. तिथे न जाणे हाच उपाय. परदेशी चालक टायरवरील बर्फावरची पकड दाखवणाऱ्या हिमकणाच्या खुणेला फार मान देतात, पण इगतपुरीच्या पावसात ओल्या डांबरावर जुन्या ब्रेकनिशी वेळेत थांबणे आपल्याला अधिक मोलाचे आहे. म्हणून मोठ्या गोट्यांच्या उग्र नक्षीऐवजी जवळजवळच्या ठोकळ्यांची आणि बारीक चिरांची सौम्य नक्षी मी निवडली. तिचा आवाजही कमी असतो.

गाडी जरा उंच दिसावी म्हणून २३५/७५ आर १५ घालण्याचाही आग्रह झाला. त्याने टायरचा व्यास सुमारे ३० मिलिमीटरने, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. वेगाचा काटा ताशी ६० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. गाडी उंचावते ती जेमतेम दीड सेंटिमीटर, आणि त्याच्या मोबदल्यात थकलेल्या इंजिनला चढणीवर अधिक ओढावे लागते, तसेच पूर्ण वळण घेताना टायर चाकाच्या कमानीला घासण्याची भीती राहते. हा सौदा मला पटला नाही.

जुन्या गाडीत रिमही तपासून घ्यावी. ट्यूबच्या टायरसाठी बनवलेल्या कित्येक जुन्या रिमना आतून तो उंचवटा नसतो, जो हवा कमी झाल्यावर ट्यूबलेस टायरची कड जागेवर धरून ठेवतो. अशा रिमवर ट्यूबलेस चढवू नये. टायरची जन्मतारीखही वाचावी. बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, जसे २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कॅम्पर महिनोन्महिने उभी राहते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधीच वयाने कडक होऊन तडकतात. दुकानात पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

शेवटी भारांक १०६ चे, मूळ मापाचेच पाच टायर घेतले. हवा किती भरायची हे दारावरच्या जुन्या पट्टीवरून न ठरवता कंपनीच्या भार-तक्त्यातून, काट्यावरचे वजन समोर ठेवून ठरवले, आणि चाकांच्या अदलाबदलीत स्टेपनीलाही पाळी लावून दिली.