स्लॅबचं खरं वय

नागपूरच्या उन्हाळ्याची धास्ती इथल्या प्रत्येक सिव्हिल इंजिनीअरला असते. मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की काँक्रीटमधलं पाणी बघता बघता उडतं, म्हणून आम्ही स्लॅब पहाटे टाकतो, गिट्टीवर पाणी मारतो, गोणपाट वाळू देत नाही. हिवाळ्याची मात्र साइटवर कुणी फारशी फिकीर करत नाही. उलट, ‘थंडीत काम चांगलं होतं’ असंच सगळे म्हणतात. पण इथली थंडीही साधी नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. दरवर्षी पारा एवढा उतरत नाही, तरी जानेवारीच्या रात्री 10–12 अंश म्हणजे नेहमीचंच. आणि थंडीत काँक्रीटला ताकद यायला जास्त दिवस लागतात.

मी बेसाकडच्या एका चार मजली इमारतीच्या कामावर आहे. या कामात आम्ही पहिल्यांदाच काँक्रीटच्या आत तापमानाचे सेन्सर बसवले. हे सेन्सर फार मोठे नसतात. काड्यापेटीएवढी डबी, तिला एक वायर. स्लॅब टाकायच्या आधी डबी सळईला बांधायची, वायरचं टोक काँक्रीटच्या पोटात राहील असं बघायचं. मग दर अर्ध्या तासाने आतलं तापमान त्यात नोंदलं जातं. जवळ मोबाइल नेला की ब्लूटूथवरून सगळा आलेख फोनवर येतो, आणि तोच आलेख धरमपेठेत बसलेल्या आमच्या डिझायनरलाही दिसतो. तापमान आणि वेळ यांचा गुणाकार करून काँक्रीट कितपत तयार झालं ते काढायची ही पद्धत. इंग्रजीत तिला मॅच्युरिटी मेथड म्हणतात.

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा तो सातवा दिवस होता. सकाळी आठला पोचले तर सेंट्रिंगवाल्यांची टोळी येऊन बसलेली. स्लॅबला खालून आधार देणाऱ्या प्लेटा आणि बल्ल्या काढून वरच्या मजल्यासाठी हव्या होत्या, त्यांचं भाडं रोज चढत होतं. ठेकेदारांच्या हातात लॅबचा रिपोर्ट होता. काँक्रीट एम-25, म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकदीचं. त्याच्या क्यूबची, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्याची, सात दिवसांची ताकद 18 न्यूटनच्या वर आलेली. सेंट्रिंग खोलायला आमच्या डिझायनरची अट होती 70 टक्क्यांची, म्हणजे साडेसतरा. खोल्यांचे गाळे, म्हणजे दोन आधारांमधली अंतरं, साडेचार मीटरच्या आतले. कागदावर सगळं बरोबर.

मी फोन काढून स्लॅबवर फिरले. दक्षिणेकडच्या हॉलमधला सेन्सर जेमतेम 15 न्यूटन दाखवत होता. उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर हलत नाही, तिथे 13. मी टोळीला थांबायला सांगितलं.

“मॅडम, रिपोर्ट पास हाय, मंग काहून थांबवून राहिले तुम्ही?” ठेकेदार म्हणाले. प्रश्न रास्त होता. एका बाजूला लॅबचा सही-शिक्क्याचा कागद, दुसऱ्या बाजूला मोबाइलवरची रेघ. बांधकामाच्या धंद्यात आजवर कागदच जिंकत आला आहे.

पण तो कागद कशाबद्दल बोलतो ते बघायला हवं. लॅबमधला क्यूब 27 अंशांच्या पाण्यात ठेवतात, दोन अंश इकडे-तिकडे. तसा नियमच आहे, कारण सगळीकडचे क्यूब एकाच मापाने तोलता यावेत. त्या क्यूबवरून आरएमसीवाल्याने, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणाऱ्याने, माल चांगला दिला की नाही ते कळतं. स्लॅबला आज किती ताकद आली, ते त्यावरून कळत नाही. स्लॅब तर उघड्यावर होता, रात्री 11 अंशांत. तो आठवडाभर दिवस-रात्र मिळून दक्षिणेकडचं सरासरी तापमान निघालं 19 अंश, सावलीतल्या कोपऱ्याचं 16. हिशोब सोपा आहे. शून्य अंश हा पाया धरला, तर 19 अंशांतले सात दिवस म्हणजे 133, आणि 133ला लॅबच्या 27ने भागलं की येतात पाचाच्या आत दिवस. कोपऱ्याचे 112, म्हणजे चारच्या थोडं वर. कॅलेंडरवर सात दिवसांचा असलेला स्लॅब काँक्रीटच्या हिशोबाने हॉलमध्ये पाच दिवसांचा होता आणि कोपऱ्यात चार.

सेंट्रिंग सात दिवसांत खोलायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेके, म्हणजे खालच्या बल्ल्या, सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकात तसंच लिहिलं आहे. पण त्या तक्त्याच्या वरच दोन अटी आहेत, आणि त्या वाचणारे मला फार कमी भेटले: हवेचं तापमान 15 अंशांखाली जाता कामा नये, आणि सिमेंट साधं पोर्टलँड, म्हणजे ओपीसी, असावं. नागपुरात जानेवारीत पहिली अट मोडते. दुसरी तर बारा महिने मोडते, कारण बहुतेक कामांवर आपण पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरतो. कोराडी-खापरखेड्यासारख्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख या सिमेंटमध्ये जाते, ते चांगलं आणि टिकाऊही असतं, पण सुरुवातीच्या दिवसांत सावकाश ताकद धरतं. म्हणून तर त्याचं क्युरिंगही, म्हणजे पाणी देऊन ओलं ठेवणंही, सातऐवजी किमान दहा दिवस करायला सांगितलं आहे. थोडक्यात, सात दिवसांचा आकडा ज्या परिस्थितीसाठी दिला आहे, ती आमच्या साइटवर नव्हतीच.

हे सगळं मी ठेकेदारांना स्लॅबवर उभं राहून सांगितलं. डिझायनरांना फोन लावला, त्यांनी आलेख बघून ‘थांबा’ म्हटलं. तरी ठेकेदारांचं समाधान झालं नाही आणि मला ते वावगं वाटलं नाही. भाडं त्यांच्या खिशातून जात होतं. सेन्सर त्यांच्यासाठी नवा होता. नुसतं ‘मोबाइल सांगतो’ म्हणून कुणी का ऐकावं?

सुदैवाने काही क्यूब आम्ही मुद्दाम लॅबला न पाठवता स्लॅबवरच, त्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवले होते. जे ऊन-थंडी स्लॅबला, तेच त्यांना. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेकेदारांच्याच गाडीतून लॅबमध्ये नेले. मशीनमध्ये क्यूब ठेवला, काटा चढत गेला, आणि क्यूबच्या कडा सुटून ढलप्या पडल्या. ठेकेदार मशीनला अगदी चिकटून उभे होते. सरासरी आली साडेतेराच्या आत. सेन्सरने 13 सांगितलं होतं.

परतताना ते गाडीत बराच वेळ बोलले नाहीत. वर्धा रोडला लागल्यावर म्हणाले, “म्हणजे आजवर हिवाळ्यात आपण जे खोलून राहिलो...” मी म्हटलं, बहुतेक वेळा निभावतं, कारण त्या वेळी स्लॅबवर पूर्ण भार नसतो. कधी वाकतो, कधी बारीक तडे जातात, आणि नंतर गळती लागली की आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला बोल लावतो. पण नेहमीच निभावत नाही. 27 एप्रिल 1978 ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे कूलिंग टॉवरचं काम चालू असताना वरचा मचाण कोसळला, 51 कामगार गेले. मचाणाचा भार आदल्याच दिवशी टाकलेल्या काँक्रीटवर होता आणि थंडीमुळे त्यात पुरेशी ताकद आलेली नव्हती. त्याच्या पाच वर्षं आधी व्हर्जिनियात एका बहुमजली इमारतीचे टेके लवकर काढल्याने 14 जण दगावले होते. या दोन अपघातांच्या तपासातूनच मॅच्युरिटी पद्धतीवर नेटाने काम झालं आणि 1987 मध्ये तिचं अमेरिकन मानक निघालं. फोनवरच्या त्या रेघेमागे हा इतिहास आहे.

नागपुरात मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा 5-डी बिमची (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगची) खूप चर्चा झाली. इमारतीचं त्रिमितीय मॉडेल, त्याला वेळ आणि खर्च जोडलेला. एवढ्या मोठ्या कामाला ते हवंच. पण शहरात रोज जे शेकडो लहान स्लॅब पडतात, तिथे डिजिटल तंत्रज्ञान म्हणजे फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ड्रॉइंग. माझं स्पष्ट मत आहे की लहान साइटने सुरुवात मॉडेलपासून करूच नये. ज्या जागी माणसाचा जीव अडकतो, तिथली एक गोष्ट आधी मोजायला लागावं.

संध्याकाळी सेंट्रिंग मिस्त्रींनी तो आलेख बघायला मागितला. ते भंडाऱ्याकडचे, वय साठीच्या आसपास. स्क्रीनवर रोज रात्री खाली जाणारी रेघ त्यांनी बोटाने दाखवली. “हे रात्रीचं का? मंग याच्यावर तणस टाकू ना जी. वरून ताडपत्री.” धानाच्या पट्ट्यात तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, ऊब कुणाला सांगावी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी एका गाडीभर तणस आलं, कोपऱ्यावर पसरून ताडपत्री ओढली, आणि क्युरिंगचं गार पाणी संध्याकाळऐवजी दुपारी द्यायला लागलो. पुढच्या रात्री तिथला काटा पूर्वीइतका खाली गेला नाही. सकाळी मिस्त्री माझ्या आधी येऊन थांबले होते, आलेख बघायला.

हॉलचं सेंट्रिंग दहाव्या दिवशी खोललं, कोपरा अकराव्या दिवशी. गॅलरीचे टेके मात्र पूर्ण चौदा दिवस ठेवले आणि काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत आणले. भाड्याचा फरक मालकांनी अर्धा उचलला. त्यासाठी मला वेगळी बैठक घ्यावी लागली, आणि ते योग्यच झालं. थांबायचा खर्च एकट्या ठेकेदारावर टाकला, तर कुठलाही सेन्सर साइटवर टिकणार नाही.

एक गोष्ट मात्र हे उपकरण विकणारे लोक हळू आवाजात सांगतात. सेन्सर ताकद मोजत नाही, फक्त तापमान मोजतो. ताकदीचा आकडा येतो तो आधी त्याच मिश्रणाचे क्यूब 1, 3, 7, 14 आणि 28 दिवसांनी फोडून काढलेल्या आलेखावरून. सिमेंटचा ब्रँड बदलला, राखेचं प्रमाण बदललं, की तो आलेख निकामी. आमच्याकडे तेच झालं. तिसऱ्या मजल्याच्या वेळी आरएमसी प्लांटने सिमेंट बदललं. मी नवे क्यूब टाकून घेतले आहेत. त्यांचा 28 दिवसांचा आकडा हातात येईपर्यंत तिसऱ्या मजल्याचा एकही टेका चौदा दिवसांच्या आत निघणार नाही आणि तसं लिहिलेल्या कागदावर ठेकेदारांचीही सही आहे.