तुम्ही विचारलंत म्हणून : पहिल्या दिवशी मुलांशी काय बोलावं?

शाळा उघडायला आठवडा उरला की ओळखीतले शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. नववी-दहावीच्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासाची ओढ कशी लावायची, पहिल्या दिवशी बोलायचं काय?

फारसं काही बोलू नका. तीन-चार मिनिटं पुरे. तुमचं नाव, वर्षभरात काय करणार, वही कोणती लागेल, झालं. ‘हे वर्ष महत्त्वाचं आहे’ हे वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाने दर वर्षी ऐकलेलं असतं, त्यामुळे ते आता त्याच्या कानावरून जातं. शिवाय आपण क्रमच उलटा धरतो. मुलाला गोडी लागली की जमेल, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा आधी जमतं आणि मग गोडी लागते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाला काहीतरी खरोखर जमलं पाहिजे. खरोखर, हे महत्त्वाचं. सोपी बेरीज देऊन ‘शाब्बास’ म्हटलंत तर त्यातली दया नववीतल्या मुलाला लगेच कळते.

तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हातात काम द्या. सुरुवात कुणालाही करता यावी, पण झटकन कुणाचंच संपू नये, असं काम. गणितात हे विचारा : १ ते २० पैकी कोणत्या संख्या दोन किंवा अधिक लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? ९ म्हणजे ४+५, आणि २+३+४ सुद्धा. १५ तर तीन तऱ्हांनी येते. बीजगणिताला घाबरणारा मुलगाही मिनिटाभरात काहीतरी लिहितो. वीसेक मिनिटांत वर्गाच्या लक्षात येतं की १, २, ४, ८, १६ काही केल्या हाती लागत नाहीत. का, हे सिद्ध करायला गेलं की पहिल्या नंबरचा विद्यार्थीही अडतो आणि शेवटच्या बाकाच्या बरोबरीला येतो. तास संपेल तेव्हा ते ‘का’ तसंच राहू द्या. उत्तर सांगून टाकायचा मोह फार होतो, तो आवरा. भाषेच्या तासाला शंभर शब्दांचा उतारा पन्नासात आणायचा, मग पंचवीसात, अर्थ न सांडता.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती पहिल्याच आठवड्यातली मागच्या इयत्तेची चाचणी. तुम्हाला माहिती मिळते, पण मुलाच्या हाती ‘मला येत नाही’ याचा ताजा पुरावा पडतो. त्याऐवजी पाचव्या-सहाव्या दिवशी दहा मिनिटांत आठ प्रश्न द्या : सहा याच आठवड्यात वर्गात झालेले, दोन थोडे ताणणारे. गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. तीन दिवसांनी तशीच दुसरी चाचणी. अशी चाचणी हा अभ्यासच असतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. हे मुलांना जरूर सांगा. ‘वाचलं तरी राहत नाही, माझं डोकंच नाही’ असं म्हणणाऱ्याला कळू दे की पद्धत चुकतेय, डोकं नाही.

आता वह्या. पहिल्या तीन वेळा गुण देऊ नका, शेरा लिहा. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रस दोन्ही टिकले. शेऱ्याला गुण जोडल्यावर तो फायदा गेला. कारण उघड आहे, आकडा दिसला की पुढचं कोण वाचतो? शेरा दोनच वाक्यांचा : काय नेमकं बरोबर आहे, आणि पुढची एक दुरुस्ती. ‘सुधारणा आवश्यक’ हा शेरा नव्हे. ‘तिसऱ्या ओळीत कंसाबाहेरचं वजा चिन्ह दुसऱ्या पदाला लावलं नाहीस, ते लावून पुढे सोडव’ हा शेरा. वही परत दिल्यावर ती दुरुस्ती वर्गातच करायला पाच मिनिटं द्या, नाहीतर शेरा वाया. चाळीस वह्या, वहीला दोन मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. एका बैठकीत हे जमत नाही. रोज दहा घ्या.

कौतुक करायचं तर पद्धतीचं करा. ‘हुशार आहेस’ ऐकलेलं मूल पुढचा अवघड प्रश्न टाळतं. उलट, चुकीच्या पद्धतीने घोटत बसलेल्याला ‘मेहनत घेतोस हं’ म्हणणंही फसवंच. बक्षिसांची घाई तर नकोच. जे मूल आपणहून करतं त्याला बक्षीस लावलं की ते बक्षिसापुरतंच करू लागतं.

प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. मनात मोजा, फार लांब वाटतात. एवढ्यानेच उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारे हात वर येतात.

‘नव्वद टक्के मिळवणार’ हे भिंतीवर लावायला ठीक आहे. आज संध्याकाळी काय करायचं, ते त्यातून कळत नाही. ‘जेवण झालं की ताट उचलल्यावर लगेच, खिडकीपाशी बसून, वीस मिनिटं, आजची तीन गणितं पुस्तक न बघता’ असं प्रत्येकाला लिहायला लावा. वेळ आणि जागा नसेल तर वही परत द्या.

आणि जे मूल कशालाच दाद देत नाही त्याच्याशी रोज दोन मिनिटं, सलग दहा दिवस, अभ्यास सोडून कशावरही बोला. पहिले चार-पाच दिवस ‘हं’ एवढंच मिळेल. त्यावर उपदेश केलात की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सकाळी पेंगणारा आळशीच असतो असंही नाही. या वयात झोप ८ ते १० तास लागते आणि ती रात्री उशिरा येते. आधी झोपतोस किती वाजता, ते विचारा.

पहिल्या चाचणीचे कागद फेकू नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात उत्साह ओसरतो. तेव्हा तेच आठ प्रश्न न सांगता पुन्हा द्या, जुना कागद शेजारी ठेवा आणि काय बदललं ते मुलांनाच दोन ओळींत लिहू द्या.