पांढरा पट्टा

आग विझून वर्ष झालं होतं. जळितात कोणतं झाड राखायचं आणि कोणतं पाडायचं, हे ठरवणं आमचं काम. आदल्या वर्षीची पाहणी माझीच. शेंड्यापर्यंत करपलेल्या पाइनला लाल पट्टा, हिरव्याला पांढरा. काम झपाट्यानं उरकल्याचं तेव्हा कौतुकही झालं होतं.

त्या सकाळी पहिल्याच पांढऱ्या पट्ट्यापाशी अडखळलो. जुनं, कवेत न मावणारं झाड. सुया हिरव्या, पण जरा उतरल्यासारख्या. बुंध्याशी पिठासारखा लालसर भुसा, सालीवर राळेचे छोटे थेंब गोठलेले. सालकिडे आत शिरले होते. कुऱ्हाडीनं मुळालगतच्या सालीचा टवका उडवला. आतला थर ओला, पांढुरका निघायला हवा. निघाला तपकिरी, आंबूस वासाचा. चारी बाजूंनी टवके काढले, चारी तसेच.

या झाडाला ज्वाळा शिवलीच नव्हती. पण बुंध्याभोवती सुया आणि सालीच्या ढलप्यांचा वीतभर थर होता. लहानसहान आगही आम्ही लागलीच विझवत आलो, म्हणून तो साठला. (आम्ही म्हणजे मीसुद्धा, आणि मोठ्या अभिमानानं.) तो भडकला नाही, तासन्‌तास धुमसत राहिला. झाडाच्या जिवंत पेशी साधारण 60 अंश सेल्सियसला मरतात. जाड साल धावती ज्वाळा सोसते, पायाशी रात्रभर धुमसणारा निखारा नाही. लाकूड पाणी वर चढवत राहतं म्हणून पानं हिरवी दिसतात, पण सालीतून अन्न खाली उतरणं बंद झालं की मुळं उपाशी मरतात. त्यात पावसानं ओढ दिलेली. तहानलेल्या झाडाकडे किडा बाहेर ढकलायला पुरेशी राळ नसते.

मग लाल पट्ट्यांकडे वळलो. अर्धा उतार हिवाळ्यातच तोडून झाला होता. उरलेल्यांतल्या कित्येकांच्या करपल्या फांद्यांच्या टोकांना नव्या सुयांचे झुपके होते. आग नुसती खालून पळत गेली होती. सुया भाजल्या, कळ्या वाचल्या.

तोडलेल्या उतारावर बाटलीतलं थेंबभर पाणी मातीवर टाकलं. आगीत जळालेल्या पाल्याची मेणचट वाफ मातीत मुरते आणि मग माती पाणी घेत नाही. पाच सेकंदांत थेंब मुरला नाही तर माती पाणी झिडकारते असं धरायचं. मी चाळीसपर्यंत मोजलं. थेंब अळवाच्या पानावर असावा तसा बसून होता. झाडं उभी असती तर गळलेल्या सुयांनी निदान माती झाकली असती. आता तिथं पावसाच्या घळी पडल्या होत्या.

परतताना सोबतच्या मुलानं नोंदवही पुढे केली. "सर, पांढऱ्यातली नावं लाल केली, लालमधली पांढरी केली. पण तोडून झालेल्यांसमोर काय लिहू?"

त्या पानाखाली सही माझीच होती. म्हटलं, "तूर्तास काही लिहू नकोस." आणि वही घेऊन गाडीत बसलो.