आमची वाटचाल : बोट कुठे टेकलं आणि का

बडोद्यात दांडिया बझारातल्या जुन्या वाड्याची वरची खोली, दोन संगणक आणि आजोबांचं शिसवी टेबल, एवढ्यावर २०१२ साली आम्ही काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. दोघंही कलाभवनचे, तो इलेक्ट्रिकलचा, मी कॉम्प्युटरचा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन आज विद्यापीठाचं अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, पण बडोद्याच्या मराठी घरांत अजून ‘कलाभवनला जातो’ असंच म्हणतात.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. कारखान्यातली मोजमापं पडद्यावर आलेखरूपात दाखवायची, आणि तो आलेख नुसता बघायचा नव्हे, हाताळायचा. माउस नेला की आकडा दिसावा, ओढलं की सरकावा, हवा तेवढा भाग निवडून मोठा करता यावा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) ट्रान्सफॉर्मरचे कारखाने भरपूर, मावसभावाची तिथे ओळख, त्यामुळे पहिलं काम एका चाचणीकक्षाचं मिळालं. डी-थ्री ही आलेख काढण्याच्या तयार कोडची लायब्ररी स्टॅनफर्डच्या मंडळींनी वर्षभरापूर्वीच, २०११ मध्ये, बाहेर आणली होती. ती आम्ही रात्री जागून शिकलो. आलेख सुंदर निघाले. आम्हाला वाटलं, झालं काम.

पहिल्याच दिवशी तिथला ऑपरेटर म्हणाला, ‘भाई, आ तो झबक झबक थाय छे.’ बिंदूवर माउस नेला की आकड्याची चौकट लुकलुकायची. कारण असं, की चौकट नेमकी माउसच्या खाली उघडत होती. माउस चौकटीवर आला म्हणजे ब्राउझरच्या लेखी तो बिंदूवरून उठला; म्हणून चौकट मिटायची. मिटली की माउस पुन्हा बिंदूवर, की पुन्हा उघडायची. सेकंदाला कितीतरी वेळा. चौकटीनं माउसची दखलच घेऊ नये अशी एक ओळ स्टाइलमध्ये घातली आणि ते थांबलं. पण घरी परतताना मी गप्प होतो. आम्ही महिनाभर तोच आलेख वापरत होतो, आणि आम्हाला हे दिसलं नव्हतं, कारण आम्ही माउस भराभर फिरवायचो. आकडा वहीत उतरवून घ्यायला बिंदूवर थांबण्याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

खरा धडा २०१४ मध्ये मिळाला. तो जरा विस्तारानं सांगतो, कारण आमच्या कामाची पद्धत त्या दिवसापासून बदलली.

ट्रान्सफॉर्मरची तापमानवाढीची चाचणी तासन्‌तास चालते. विजेचा सगळा तोटा उष्णतेच्या रूपानं आत सोडायचा आणि तेल तापत जाताना पाहायचं. वरच्या तेलाची वाढ तासाला एक केल्विनच्या खाली आली आणि सलग तीन तास तशीच राहिली, की ते स्थिरावलं असं मानतात. मग तासभर रेटेड (ठरवून दिलेला पूर्ण) करंट देऊन पुरवठा बंद करतात आणि वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तांब्याच्या गुंडाळीचा, रोध मोजू लागतात. बंद केल्यावर पहिलं वाचन हाती येईपर्यंत थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात तांबं थंड व्हायला लागलेलं असतं. म्हणून थंड होण्याची वक्ररेषा मागे वाढवत नेऊन बंद करण्याच्या क्षणी रोध किती असेल ते काढायचं, आणि त्यावरून वाइंडिंगचं तापमान. या वक्ररेषेत सुरुवातीची वाचनं सर्वांत मोलाची, कारण उतार तिथेच सर्वांत तीव्र असतो.

कोणती वाचनं हिशेबात धरायची ते आमच्या आलेखावर माउसनं ओढून निवडायचं होतं. इंजिनिअरनं उजवीकडून डावीकडे ओढत अगदी पहिल्या वाचनापर्यंत निवड नेली. हात थोडा पुढे गेला, माउस आलेखाच्या कडेबाहेर पडला आणि बटण तिथे सुटलं. आमचा कोड बटण सुटल्याची बातमी फक्त आलेखाच्या आतच ऐकत होता. त्याच्या लेखी बटण अजून दाबलेलंच. इंजिनिअर प्रिंटच्या बटणाकडे जाताना माउस आलेखावरून गेला आणि निवडीची डावी कड त्याच्याबरोबर सरकली. पहिली चार वाचनं निवडीबाहेर गेली. रेघ तरीही गुळगुळीतच दिसत होती. तापमान काही अंशांनी कमी निघालं आणि अहवाल छापला गेला.

तो पकडला चाचणीकक्षाच्या प्रमुखांनी. निवृत्तीला आलेले, बडोद्याचेच मराठी गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते प्रत्येक चाचणीची वक्ररेषा ग्राफपेपरवर पेन्सिलीनं काढून ठेवत. त्यांनी मला बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘बाळा, तुझा आकडा माझ्या रेघेशी जुळत नाही. दोघांतला एक चुकतोय. तू आधी तुझं बघ.’

अहवाल बाहेर गेला नव्हता, हे नशीब. गेला असता तर आमच्या एका न ऐकलेल्या ‘माउसअप’पायी, म्हणजे बटण सुटल्याच्या खबरेपायी, कुठल्यातरी सबस्टेशनात एक ट्रान्सफॉर्मर खोट्या आकड्याच्या भरवशावर उभा राहिला असता. ती रात्र मी झोपलो नाही.

तेव्हाचा उपाय असा केला : ओढणं सुरू झालं की हालचालीचे आणि सुटल्याचे इव्हेंट (ब्राउझर कोडला देतो त्या खबरा) आलेखाऐवजी सबंध खिडकीवर ऐकायचे, आणि प्रत्येक हालचालीबरोबर बटण खरंच दाबलेलं आहे ना हे पुन्हा विचारायचं. पुढे पॉइंटर इव्हेंट आले. माउस, बोट, पेन या सगळ्यांसाठी एकच भाषा. २०१५ मध्ये त्याचं प्रमाणक ठरलं, क्रोममध्ये २०१६ च्या अखेरीस आलं आणि सफारीत २०१९ मध्ये, तेव्हा कुठे ते आम्ही निर्धास्त वापरू लागलो. त्यात पॉइंटर पकडून ठेवण्याची सोय आहे. दाबलं त्या क्षणी तो पॉइंटर त्या घटकाशी बांधायचा. मग हात कडेबाहेर कुठेही गेला तरी सुटल्याची खबर त्याच घटकाला मिळते. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी दुरुस्ती, आणि ती कोडची नव्हती. निवडलेल्या भागाची सुरुवात, शेवट आणि त्यातली वाचनांची संख्या आम्ही ठळक अंकांत आलेखाच्या डोक्यावर लिहू लागलो. सावलीसारखी रंगीत पट्टी थोडी सरकली तर डोळा फसतो. ‘वाचनं २०’च्या जागी ‘१६’ आलं तर फसत नाही.

काकांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट शिकवली. बिंदूवर क्लिक केलं की त्याची नोंद उघडायची, पण त्यांचं क्लिक लागायचंच नाही. इतरांचं लागे. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो तेव्हा दिसलं : त्यांचा हात किंचित कापायचा. दाबणं आणि सोडणं यांच्यामध्ये माउस दोन-तीन पिक्सेल हले आणि आमचा कोड त्याला ओढणं समजे. तेव्हापासून आमच्याकडे मर्यादा ठरली, माउससाठी चार पिक्सेल आणि बोटासाठी दहा. तेवढं हललं तरी ते क्लिकच. शिवाय बाणांच्या किल्ल्यांनी एकेका वाचनावर जाता येईल अशी सोय केली. काकांसाठी केलेली ती सोय आज सगळे तरुण इंजिनिअर वापरतात. हजार बिंदूंत शेजारचा बिंदू गाठायला माउसपेक्षा बाण बरा.

वेगाची लढाई २०१७ च्या सुमारास झाली. सेकंदाला एक वाचन म्हणजे दिवसाला ८६,४००. चार सेन्सर म्हणजे ३,४५,६००. एवढे बिंदू एसव्हीजी या चित्रपद्धतीत प्रत्येकी वेगळा घटक म्हणून मांडले आणि प्रत्येकावर इव्हेंट ऐकणारा वेगळा श्रोता टांगला, तर ब्राउझर गुडघे टेकतो. आम्ही सगळं कॅनव्हासवर नेलं. पडदा हजार-बाराशे पिक्सेल रुंद, तेव्हा प्रत्येक उभ्या ओळीत त्या वेळातलं किमान आणि कमाल तेवढं काढायचं. सरासरी काढायची नाही. सरासरीत क्षणभराची उसळी बुडून जाते आणि चाचणीत नेमकी तीच हवी असते. कॅनव्हासवर बिंदू म्हणून काही शिल्लकच राहत नाही, सगळं रंगच. म्हणून माउस कुठे आहे त्यावरून वेळ काढायची आणि वेळेच्या रांगेत अर्ध्या-अर्ध्यानं शोधत जवळचं वाचन गाठायचं. लाखभर वाचनांत सतरा पायऱ्यांत ते सापडतं. माउसच्या प्रत्येक हालचालीला चित्र काढणंही बंद केलं. हालचाल फक्त टिपून ठेवायची. पडद्याची पुढची फ्रेम रंगायच्या वेळी शेवटची जागा बघून एकदाच काढायचं. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एकीला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडं अधिक. उभी रेघ आणि आकडा वरच्या वेगळ्या पारदर्शक कॅनव्हासवर, म्हणजे खालच्या आलेखाला हात लावावा लागत नाही.

२०२० मध्ये डी-थ्रीची सहावी आवृत्ती आली आणि इव्हेंट हाताळण्याची जुनी रीतच बदलली. आधी चालू इव्हेंट एका सामाईक जागी ठेवलेला असायचा, कुणीही तिथून उचलावा. थोडं थांबून उचलायला गेलं की ती जागा रिकामी. नव्या रीतीत इव्हेंट थेट फंक्शनच्या हातात मिळतो. लॉकडाऊन होतं, नवी कामं नव्हती; दोघांनी घरी बसून आठ वर्षांचा कोड ओळ न्‌ ओळ बदलला.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीसाठी मी घाईघाईत एक पान केलं. वर नदीच्या पातळीचा आलेख, महापालिका सांगेल तो आकडा मी हातानं भरायचो. खाली दूध, औषधं, होडी यांसाठी कुणाला फोन करायचा ते नंबर. रात्री शेजारच्या इमारतीतल्या काकूंचा फोन आला. ‘अरे, ते खाली जातच नाही. नंबर कुठे आहेत?’

फोनच्या पडद्यावर आलेखानंच सगळी जागा व्यापली होती. काकू पान वर सरकवायला बोट फिरवत होत्या आणि आलेख ते बोट गिळत होता. कारखान्याच्या पडद्यांसाठी आम्ही सगळे स्पर्श आलेखाकडे वळवत असू. तीच ओळ सवयीनं इथे आली होती. वीज नव्हती, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. स्पर्श कोणी हाताळायचा ते ठरवणाऱ्या टच-अ‍ॅक्शनची किंमत बदलून उभं सरकवणं ब्राउझरकडे दिलं, आडवं आमच्याकडे ठेवलं आणि नंबर आलेखाच्या वर नेले. अशा वेळी ब्राउझरनं बोट स्वतःकडे घेतलं की आपल्याला ‘रद्द’ असा इव्हेंट येतो. ते बोट उचलणं नव्हे. अर्धवट राहिलेली कृती सोडून द्यायची, पुरी करायची नाही. काकूंना पुन्हा फोन केला. त्यांना औषधाचा नंबर हवा होता, त्यांच्या यजमानांच्या इन्सुलिनसाठी. बारा वर्षं हेच काम करून मी त्यांच्या बोटाच्या आड आलो होतो, ही गोष्ट मला अजून लागते.

आता आम्ही सात जण आहोत, ऑफिस रावपुऱ्यात आहे. नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिला आठवडा कारखान्यात, ऑपरेटरच्या खांद्यामागे. कोड लिहायचा नाही. हात कुठे गेला, कुठे थांबला, कुठून परत फिरला, एवढंच वहीत लिहायचं. परतताना आम्ही सगळे शेव-उसळ खायला जातो आणि वह्या तिथे उघडतात.

मागच्या महिन्यात अशाच एका वहीतून नवा प्रश्न आला. एका कारखान्यात भिंतीवर मोठा टचस्क्रीन आहे. दोन इंजिनिअर त्यापुढे उभे राहून वाद घालत होते. एकानं डावीकडच्या उसळीवर बोट ठेवलं, ‘हे बघा’. दुसऱ्यानं उजवीकडच्या, ‘आणि हे?’ दोन बोटं एकदम टेकली, म्हणून आलेखानं ती चित्र मोठं करायची चिमट समजून चित्र फाकवलं आणि दोन्ही उसळ्या पडद्याबाहेर गेल्या. प्रत्येक बोटाला वेगळा क्रमांक मिळतो, पण ते कोणाचं हे क्रमांक सांगत नाही. सध्या आम्ही दोन बोटं टेकण्यातला वेळ आणि अंतर पाहतो : एकदम आणि जवळ असली तर चिमट, मागेपुढे आणि लांब असली तर दोन माणसं, आणि मग दोन्हीकडे दोन रेघा आणि दोन आकडे. बहुतेक वेळा बरोबर येतं. एक उंच, लांब हातांचा इंजिनिअर आहे, त्याच्याबाबतीत मात्र चुकतं. येत्या सोमवारी मी स्वतः त्याच्या मागे उभा राहणार आहे.